न केलेला टॅप आणि सैल सोडलेली पकड: हेवीवेट गटातील एका लढतीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील दोन्ही खेळाडू व्यावसायिक एमएमएच्या (मिश्र मार्शल आर्ट्सच्या) हेवीवेट गटातील आहेत. त्यांची, त्यांच्या संघांची आणि स्पर्धेची ओळख पटेल असे तपशील वगळले असून त्यांचा उल्लेख ‘अ’ आणि ‘ब’ असा केला आहे. त्या रात्री मी ‘अ’च्या कॉर्नरमध्ये, म्हणजे केजबाहेरून खेळाडूला मदत करणाऱ्या पथकात, दुय्यम प्रशिक्षक म्हणून बसलो होतो, त्यामुळे माझे निरीक्षण तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही. मात्र नंतर चित्रफीत अनेकदा पाहिली, दोन्ही खेळाडूंशी आणि पंचांशी सविस्तर बोलणे झाले, आणि त्या रात्री माझ्या मनात पक्के बसलेले एक-दोन ग्रह त्यात गळून पडले.

‘अ’ ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या परंपरेत घडलेला, ब्लॅक बेल्ट मिळवलेला खेळाडू आहे. आधी जागा पक्की करायची, प्रतिस्पर्ध्याच्या सुटकेच्या वाटा एकेक करून बंद करायच्या आणि मगच सबमिशनला, म्हणजे हार मानायला लावणाऱ्या पकडीला, हात घालायचा, ही त्या परंपरेची शिकवण. ‘ब’ कॅच रेसलिंगमधून आला. लँकेशायरच्या खाणकामगारांच्या वस्त्यांत वाढलेल्या आणि पुढे कार्ल गॉचसारख्या कुस्तीगीरांमुळे जपानपर्यंत पोहोचलेल्या या शैलीत दाब, वेदना आणि घाई ही हत्यारे मानली जातात; पाठ टेकली तरी हार होत असल्याने गार्डमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पायांत धरून, उताणे पडून डावाची वाट पाहणे तिच्या रक्तातच नाही. दोन्ही शैलींत खांदा पिळणारे एकच कुलूप, म्हणजे सांध्याची पकड, वेगवेगळ्या नावाने नांदते, हे येथे नोंदवले पाहिजे. जिउ-जित्सूत ज्याला ‘किमुरा’ म्हणतात, त्याला कॅचवाले ‘डबल रिस्टलॉक’ म्हणतात. त्यामुळे ज्या डावावर हे सगळे प्रकरण घडले, तो दोघांच्याही हाडीमासी मुरलेला होता आणि तो कुठे नेऊन पोहोचवतो हे दोघांनाही ठाऊक होते.

वजनाचाही संबंध आहे. एमएमएच्या एकसमान नियमांनुसार हेवीवेट गट २०५ पौंडांच्या पुढे सुरू होतो आणि २६५ पौंडांवर, म्हणजे सुमारे १२० किलोंवर थांबतो. म्हणजे या एका गटात सत्तावीस किलोंपर्यंतची तफावत नियमात बसते. वजनाच्या दिवशी ‘अ’ १०८ किलोंचा आणि ‘ब’ ११९ किलोंचा भरला. एवढ्या वजनाचा माणूस अंगावर असताना खालून ट्रँगल (पायांनी मान आवळणे) किंवा आर्मबार (कोपर उलटे ताणणे) बांधणे अवघड जाते. मांड्या लवकर थकतात आणि घामाने सगळे निसटते. म्हणून या गटात गिलोटिन आणि हाताचा ट्रँगल हे हातांनी मान आवळण्याचे डाव आणि किमुरा यांच्यावर भर दिसतो. शिवाय हेवीवेट खेळाडूच्या अंगात एवढी ताकद असते की तांत्रिकदृष्ट्या संपलेल्या डावालाही तो काही सेकंद निव्वळ बळावर रोखून धरू शकतो. सांध्याचे नुकसान बहुधा त्याच काही सेकंदांत होते.

आणखी एक जुनी गोष्ट. चार वर्षांपूर्वी हे दोघे काही महिने एकाच जिममध्ये सराव करत होते. एका सरावात ‘अ’ने ‘ब’चा हात सरळ आर्मबारमध्ये पकडला, ‘ब’ने टॅप केला नाही, म्हणजे हाताने थोपटून हार मानली नाही, आणि ‘अ’ने सवयीने कंबर वर उचलली. कोपराचा स्नायुबंध फाटला. ‘ब’चे चार महिने आणि एक करार हातचा गेला. ‘ब’ने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, टॅप मी केला नाही, चूक माझी, एवढेच तो म्हणाला. ‘अ’ला मात्र ते इतक्या सहज झटकता आले नाही. त्यानंतर सरावात तो हाताचे कुलूप निम्म्यावर आले की स्वतःहून सोडून देऊ लागला. आम्ही प्रशिक्षक ते पाहत होतो आणि मुलगा समंजस झाला म्हणून त्याचे कौतुकच करत होतो.

प्रसंग

लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची होती. पहिली फेरी ‘ब’ने ठोशांच्या आणि दोन टेकडाउनच्या जोरावर स्वच्छ जिंकली. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर त्याने पुन्हा ‘अ’ला खाली पाडले, पण हाफ गार्डमध्ये, म्हणजे एक पाय ‘अ’च्या पायांत अडकलेला, असताना उजवा हात जरा जास्त वेळ जमिनीवर टेकवला. ‘अ’ने डाव्या हाताने ते मनगट धरले, उजवा हात ‘ब’च्या दंडावरून घालून स्वतःचेच मनगट पकडले आणि त्या पकडीच्या आधाराने त्याला उलटवून वर आला. ‘ब’ने बचावासाठी स्वतःची शॉर्ट मुठीत घट्ट धरली. हा नेहमीचा आणि नियमात बसणारा बचाव आहे.

तिसऱ्या मिनिटाला ती मूठ सुटली. हात पाठीमागे गेला आणि पंजा खांद्याच्या पात्याच्या दिशेने सरकू लागला. चित्रफितीत येथून पुढे सहा सेकंद आहेत. दुसऱ्या सेकंदाला, जुने कापड हळू फाडल्यासारखा एक आवाज झाला. केजला (लढतीच्या जागेभोवतीच्या जाळीला) टेकून बसलेल्या मला तो ऐकू आला आणि ‘अ’ला तो छातीतून जाणवला, असे त्याने नंतर सांगितले. ‘अ’ने मान वर करून पंचांकडे पाहिले आणि म्हणाला, “सर, हात जातोय, बघा.” पंच ‘ब’च्या डाव्या कुशीकडे होते. तेथून ना अडकलेला हात नीट दिसत होता, ना ‘ब’चा चेहरा, कारण तो ‘अ’च्या मांडीखाली होता. ‘ब’चा मोकळा डावा हातही ‘अ’च्या अंगाखाली दबलेला होता. पंचांनी विचारले, “ठीक आहेस ना?” ‘ब’च्या तोंडून काहीतरी उमटले. तो शब्द होता की कण्हणे, हे आजही निश्चित सांगता येत नाही.

सहाव्या सेकंदाला ‘अ’ने पकड सैल केली. ‘ब’ने ती संधी घेऊन कूस बदलली, हात बाहेर काढला आणि वर येऊन डाव्या हाताने ठोसे मारू लागला. फेरीची उरलेली दोन मिनिटे आणि संपूर्ण तिसरी फेरी अशी सात मिनिटे तो एका हातानेच लढला. दोन परीक्षकांनी लढत २९–२८ अशी ‘ब’च्या पारड्यात टाकली, तिसऱ्याने तेवढ्याच गुणांनी ‘अ’च्या. वादाची फेरी दुसरीच होती.

अडचण नेमकी कोणती

वरवर पाहता हा प्रश्न ‘अ’च्या दिलदारपणाचा वाटतो, आणि त्या रात्री प्रेक्षकांतील अनेकांनी तो तसाच घेतला. माझ्या मते अडचण अधिक गुंतागुंतीची होती. सबमिशनच्या खेळात लढत थांबवण्याचे अधिकार चार ठिकाणी विभागलेले असतात: पकडीत सापडलेल्या खेळाडूकडे टॅप, पंचाकडे शिट्टीविना थांबवणारा हात, कॉर्नरकडे टॉवेल आणि डॉक्टरकडे सल्ला. पकडणाऱ्याकडे असा कोणताही अधिकार नसतो. त्याच्याकडे फक्त जोर कमी-जास्त करण्याची ताकद असते. त्या सहा सेकंदांत ज्या चौघांकडे अधिकार होता त्यांपैकी एकानेही तो वापरला नाही, आणि ज्याच्याकडे तो नव्हता त्याने तो आपल्या परीने वापरून पाहिला.

पकडीत सापडलेल्याने वेळेत टॅप न करण्याचे प्रसंग पूर्वीही घडले आहेत. किमुराला ज्याचे नाव मिळाले त्या मासाहिको किमुराने १९५१ साली रिओमध्ये हेलिओ ग्रेसीचा हात याच डावात मोडला. हेलिओने टॅप केला नाही आणि अखेर त्याचा भाऊ कार्लोस याने टॉवेल टाकून लढत संपवली. २००४ साली यूएफसी या एमएमए संस्थेच्या ‘यूएफसी ४८’ या कार्यक्रमात फ्रँक मिरने टिम सिल्वियाचा हात आर्मबारमध्ये धरला तेव्हा पंच हर्ब डीन यांनी पन्नासाव्या सेकंदाला लढत थांबवली. सिल्विया आपल्याला काही झाले नाही म्हणून हुज्जत घालत होता, प्रेक्षक पंचांची हुर्यो उडवत होते, आणि मग मोठ्या पडद्यावर त्याच्या हाताचे हाड वाकताना सगळ्यांनी पाहिले. त्याच मिरने २०११ साली अंतोनियो रॉड्रिगो नोगेराचा दंड किमुरात मोडला. या तिन्ही प्रसंगांत पकडणाऱ्याने पकड सोडली नाही, आणि त्याबद्दल त्यांना कोणी जाणकार खिलाडूपणाविरुद्ध वागल्याचा दोष देत नाही.

समोर असलेले पर्याय

‘अ’पुढे त्या क्षणी चार वाटा होत्या. अर्थात केजमध्ये असे कोणी मोजत बसत नाही.

पहिली, कुलूप शेवटपर्यंत फिरवणे. नियमांत ते पूर्णपणे बसत होते. टॅप न करणे हा ‘ब’चा निर्णय होता आणि त्याची किंमत त्याला माहीत होती. दुसरी वाट त्याने निवडलेली, म्हणजे पकड सैल करणे.

तिसरी वाट आम्ही त्याला कधी शिकवलीच नव्हती: पकड तशीच घट्ट ठेवायची, जागा सोडायची नाही, पण हात आणखी फिरवायचा नाही. जेथे सांधा ताणला गेला आहे तेथेच तो धरून ठेवायचा आणि पंचाला पाहायला दोन-तीन सेकंद द्यायचे. हे ऐकायला सोपे वाटते, पण १२० किलोंच्या माणसाने अंग झटकले की पकडणाऱ्याचे शरीर आपोआप जोर वाढवते. जोर न वाढवता जागा राखणे हे वेगळे कौशल्य आहे आणि त्याचा वेगळा सराव लागतो.

चौथी वाट मला सर्वांत उजवी वाटते. किमुराची पकड केवळ खांद्यासाठी नसते. ‘ब’ ज्या क्षणी हात वाचवण्यासाठी कूस बदलतो, त्या क्षणी त्याची पाठ उघडी पडते. पकड न सोडता पाठीवर जायचे आणि मानेला हात घालायचा. गळ्याच्या डावात रक्तपुरवठा रोखला गेला की माणूस काही सेकंदांत टॅप करतो किंवा शुद्ध हरपतो. पकड लगेच सोडली तर तो सहसा लवकरच भानावर येतो, फाटलेला खांदा मात्र महिने खातो. टॅप न करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासाठी सांध्यापेक्षा मान ही अधिक माणुसकीची जागा आहे, हे विधान चमत्कारिक वाटेल, पण ग्रॅपलिंग करणाऱ्यांना ते पटेल.

निर्णयाचे क्षण

पंचांचा निर्णय. पंच अनुभवी होते आणि त्यांनी नंतर कोणतीही सबब पुढे केली नाही. त्यांच्या मते चूक थांबवण्या-न थांबवण्याची नव्हती, तर उभे राहण्याची होती. कुलूप बसत असताना ते ‘ब’च्या चेहऱ्याच्या शोधात होते आणि त्यामुळे अडकलेल्या हाताच्या उलट बाजूला गेले. सांधा कुठवर आला आहे हे दिसले असते तर टॅपची वाट न पाहता तांत्रिक सबमिशन देण्याचा अधिकार त्यांच्याकडे होताच. वेदनेने ओरडणे हेही शाब्दिक टॅप समजण्याची मुभा पंचाला असते. पण त्यांनी विचारलेला प्रश्नच असा होता की ‘ब’सारखा खेळाडू त्याला दुसरे उत्तर देणे शक्य नव्हते. ठीक आहेस का, असे विचारले की अभिमानी माणूस हो म्हणतो. ‘डावी मूठ उघड’ असे सांगितले असते तर निदान तो शुद्धीवर आणि प्रतिसाद देण्याच्या स्थितीत आहे की नाही हे कळले असते.

‘ब’च्या कॉर्नरचा निर्णय. मुख्य प्रशिक्षकाच्या खांद्यावर टॉवेल होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मधल्या मिनिटात त्याच टॉवेलने त्याने ‘ब’च्या उजव्या दंडावरचा घाम पुसला, आणि ‘ब’ने वेदनेने दात आवळले, हे आमच्या बाजूने स्पष्ट दिसले. तरीही लढत पुढे गेली. मी या प्रशिक्षकाला दोष देताना स्वतःला विचारतो की गुणांत आघाडीवर असलेल्या आपल्या खेळाडूसाठी मी टॉवेल टाकला असता का. त्याचे प्रामाणिक उत्तर मला आवडत नाही.

डॉक्टरांचा निर्णय. याच मिनिटात डॉक्टर स्टुलाजवळ आले, त्यांनी विचारले, दुखतंय का, आणि ‘ब’ने मान हलवली. एवढ्यावर तपासणी संपली.

‘अ’चा निर्णय. लढतीनंतर कपडे बदलण्याच्या खोलीत मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, मला तो कोपराचा आवाज आठवला.” म्हणजे त्याने हात सोडला तो समोरच्या प्रसंगाचा विचार करून नव्हे, तर चार वर्षांपूर्वीची भरपाई म्हणून. त्याच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्याचा परिणाम काय झाला, तर फाटायला सुरुवात झालेल्या खांद्यानिशी ‘ब’ आणखी सात मिनिटे लढला, त्याच हातावर दोनदा पडला आणि एकदा त्याच हाताने टेकडाउन अडवायला गेला. हात सोडून ‘अ’ने त्याला इजेतून सोडवले नाही, इजेच्या पोटात आणखी वेळ ठेवले. त्यातून मार्गिकेत ‘ब’ने त्याला गाठून काढलेले उद्गार मला विसरता येत नाहीत: “सोडायला नको होतंस. मी तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं.” ज्याच्यावर दया झाली त्यालाच ती अपमान वाटली.

लढतीनंतरची कार्यवाही

आमच्या संघात त्याच रात्री दोन मते पडली. मुख्य प्रशिक्षकांना निकालाविरुद्ध दाद मागायची होती. ‘ब’ने तोंडी टॅप केला होता, पंचांनी तो ऐकला नाही, अशी मांडणी करता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्याला आधार म्हणून त्यांनी २०२१ सालचे पीएफएल या एमएमए स्पर्धेतील फॅब्रिसियो वर्दुम आणि रेनान फरेरा यांचे हेवीवेट प्रकरण पुढे केले. त्यात वर्दुमच्या ट्रँगलमध्ये सापडलेल्या फरेराने केलेला टॅप पंचांच्या नजरेतून सुटला, पुढे फरेराने ठोशांनी लढत जिंकली, आणि नंतर न्यू जर्सीच्या क्रीडा नियामक आयोगाने तो निकाल रद्द करून लढत निकालरहित ठरवली.

‘अ’ने याला नकार दिला. वर्दुमच्या वेळी हाताचा टॅप चित्रफितीत दिसत होता. येथे मी फक्त एक आवाज ऐकला, तो टॅप होता असे मी सांगितले तर ते खोटे होईल, असे त्याने स्पष्ट केले. या संपूर्ण प्रकरणात खिलाडूपणाचा सर्वांत नि:संदिग्ध क्षण मला हा वाटतो. कॅमेऱ्यासमोर कोणी नव्हते, गर्दी नव्हती, आणि गप्प राहून त्याचा फायदाच होणार होता.

शेवटी निकालाला हात न लावता केवळ पंचगिरीच्या पद्धतीचा आढावा घ्यावा, अशी विनंती आमच्या लढतीवर देखरेख करणाऱ्या आयोगाकडे करण्यात आली. ‘ब’च्या संघानेही तिला दुजोरा दिला. पंच स्वतः उपस्थित राहिले आणि चित्रफीत थांबवून-थांबवून सर्वांनी एकत्र पाहिली.

निष्पत्ती

निकाल कायम राहिला. ‘ब’च्या खांद्याच्या तपासणीत लॅब्रम (खांद्याच्या खोबणीची कूर्चेची कडा) फाटल्याचे आणि खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या गटाला अंशतः इजा झाल्याचे आढळले, शस्त्रक्रिया करावी लागली आणि तो नऊ महिने खेळापासून दूर राहिला. त्यातली किती इजा त्या सहा सेकंदांत झाली आणि किती नंतरच्या सात मिनिटांत, हे शल्यचिकित्सकांनाही वेगळे करून सांगता आले नाही.

आयोगाच्या पंचांसाठी दोन सूचना लेखी निघाल्या. हाताचे कुलूप बसू लागताच पंचाने अडकलेला हात आणि मोकळा हात दोन्ही दिसतील अशा बाजूला जायचे. आणि लढतीआधीच्या खोलीतील बोलण्यात दोन्ही खेळाडूंना विचारायचे की हात दबले असतील तर तुम्ही कसे कळवाल. ‘पायाने टॅप’ हे उत्तर बहुतेकांना ठाऊक असते, पण तणावाच्या क्षणी आठवावे म्हणून ते आधी मोठ्याने बोललेले बरे.

आमच्या जिममध्ये बदल अधिक झाला. आता किमुराचा सराव तीन टप्प्यांत होतो आणि मधला टप्पा निव्वळ ‘थांबण्याचा’ असतो. पकड घट्ट, कोपर छातीशी, फिरवणे बंद, आणि जोडीदाराने वाटेल तेवढे अंग झटकावे. पहिल्या आठवड्यात बहुतेकांचे हात नकळत फिरत राहिले. ‘अ’ला हा टप्पा सर्वांत जड गेला, त्याचे हात फिरत नसत, ते सुटत असत.

वेगळे काय करता आले असते

मुळाशी जायचे तर दुरुस्ती चार वर्षांपूर्वी व्हायला हवी होती. सरावात टॅप न करणाऱ्याला आणि टॅप न मिळाल्यावरही फिरवत राहणाऱ्याला, दोघांनाही आम्ही त्याच दिवशी मॅटवरून खाली बसवायला हवे होते. सराव हा लढतीपेक्षा वेगळा करार आहे; तेथे पकडणाऱ्याने आधी थांबावे हेच योग्य. आम्ही तो भेद कधी शब्दांत मांडला नाही, आणि ‘अ’ने सरावाचा नियम केजमध्ये नेला. त्याउलट टोकालाही माणसे जातात: रुसिमार पाल्हारेस हा हेवीवेट नव्हता, पण टॅप झाल्यावरही हील हुक (टाच पिळून गुडघा ताणणारा डाव) धरून ठेवण्याच्या सवयीमुळे २०१३ साली यूएफसीने त्याला काढून टाकले. त्याची चूक नियमात स्पष्ट बसते. ‘अ’ची कोणत्याच नियमात बसत नाही, म्हणून तिच्यावर बोलणे अवघड जाते.

कॉर्नरबाबत मी एक सूचना मांडली आहे आणि ती अद्याप कोणी स्वीकारलेली नाही. टॉवेलचा निर्णय मुख्य प्रशिक्षकाकडे नसावा. लढतीच्या डावपेचांत ज्याचा जीव गुंतलेला नाही अशा एकाच माणसाकडे तो असावा आणि खेळाडूने लढतीआधी त्याचे नाव स्वतः सांगावे.

डॉक्टरांच्या बाबतीत मात्र बदल झाला आहे. आता फेऱ्यांमधल्या मिनिटात ते दुखतंय का असे विचारत नाहीत. ते स्टुलासमोर उभे राहतात, स्वतःचे दोन्ही हात डोक्यावर सरळ नेतात आणि खेळाडूला तसेच करायला सांगतात. पुनरागमनाच्या लढतीत ‘ब’लाही तसे सांगण्यात आले. त्याचा उजवा हात डाव्यापेक्षा क्षणभर उशिरा, पण पूर्ण वर गेला, आणि डॉक्टर बाजूला झाले.